एड्सचे आंकडे कसे वाचावे



गांवांत पटकीची साथ आली म्हणजे तिचा हिशेब ठेवण्यास फारसें शिक्षण लागत नाहीं. काल किती आजारी पडले आणि आज किती पडले, एवढें कळलें म्हणजे साथ चढती आहे कीं उतरती, हें पाटील सांगेल, शाळामास्तर सांगेल, किंबहुना पाणवठ्यावरची म्हातारीहि सांगेल. एड्सची गोष्ट तशी नाहीं. या रोगाचे आंकडे वरवर वाचणारा मनुष्य कधीं विनाकारण घाबरतो, तर कधीं विनाकारण निश्चिंत होतो. आणि या दोहोंपासून माणसांचें नुकसान होतें.

एका प्रचारक बंधूंनीं मला विचारिलें, "सन २००७ मध्यें आम्हीं वाचलें होतें कीं आपल्या देशांत हा विषाणु अंगीं असलेले सुमारें २५ लाख लोक आहेत. सन २०२३ च्या सरकारी अंदाजांतहि २५ लाखच दिसतात. मधल्या काळांत पुष्कळ माणसें मेलीं. औषधें फुकट मिळूं लागलीं. नवी लागण बरीच घटली असेंहि सांगतात. मग आंकडा जागचा हलला कसा नाहीं? कोणी खोटें सांगत आहे काय?"

प्रश्न शहाणपणाचा आहे. कोणी खोटें सांगत नाहीं. तथापि या प्रश्नाचें उत्तर समजण्यास चार-पांच गोष्टी क्रमानें शिकाव्या लागतात. त्याच या पाठांत मांडल्या आहेत.

१. दोन नांवें व दोन गोष्टी

एचआयव्ही हें एका विषाणूचें नांव आहे. एड्स हें त्या विषाणूनें शेवटीं आणिलेल्या अवस्थेचें नांव आहे. विषाणु शरीरांत शिरला म्हणजे तो रक्तांतील ज्या पेशी रोगांशीं लढतात त्यांचाच हळूहळू नाश करितो. औषध न घेतल्यास बहुतेकांच्या बाबतींत या कामास आठ ते दहा वर्षें लागतात. त्या काळांत मनुष्य शेतीं राबतो, लग्न करितो, बाजारास जातो. त्यास पाहून कोणास कांहीं कळत नाहीं. पुढें अंगची शक्ति संपली म्हणजे क्षय, फुप्फुसाचा दाह, दीर्घकाळचा अतिसार, असे रोग एकामागून एक येतात. या अखेरच्या अवस्थेस एड्स म्हणतात.

यावरून पहिला नियम निघतो. ज्या देशांत औषध मिळत नाहीं तेथें एड्सच्या रोग्यांची संख्या आजची लागण दाखवीत नाहीं. ती आठ-दहा वर्षांपूर्वींची लागण दाखविते. खळ्यावर जें धान्य दिसतें तें आजच्या पेरणीचें नसतें, तसेंच हें आहे. म्हणून ज्या वर्षीं रुग्णालयें भरून गेलेलीं दिसतात त्या वर्षीं नवी लागण कदाचित् उतरणीस लागलेली असते. आणि ज्या वर्षीं रुग्णालयांत कोणीच दिसत नाहीं त्या वर्षीं ती गुप्तपणें फोफावत असते. शेवटचें उदाहरण आपल्याच देशांत घडलें.

हा विषाणु चार मार्गांनीं जातो: शरीरसंबंधानें, दूषित रक्त चढविल्यानें, एकाची सुई दुसऱ्यानें टोचून घेतल्यानें, आणि आईपासून मुलास पोटांत असतां, जन्मतांना किंवा अंगावर पाजतांना. एका ताटांत जेवल्यानें, एका विहिरीचें पाणी प्याल्यानें, शेजारीं बसल्यानें, प्रेत उचलल्यानें किंवा डांस चावल्यानें तो जात नाहीं.

२. आपल्या देशांत रोग कसा उघडकीस आला

सन १९८१ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथील पांच तरुण पुरुषांच्या विचित्र आजाराची हकीगत प्रसिद्ध झाली. एड्सच्या इतिहासाचा लिखित आरंभ तेथून धरितात. सन १९८३ मध्यें पॅरिस येथील पाश्चर संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं विषाणु शोधून काढिला. सन १९८५ मध्यें रक्ताची चांचणी उपलब्ध झाली.

आपल्याकडे त्या वेळीं पुष्कळांची अशी समजूत होती कीं हा पश्चिमेकडील लोकांचा रोग आहे. आपल्या देशांत तो यावयाचा नाहीं. मद्रास (आजचें चेन्नई) येथील वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सुनीति सॉलोमन शिकवीत असत. त्यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या डॉ. निर्मला सेल्लप्पन् यांनीं शहरांतील वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमविले. मद्रासेस तपासणीची सोय नव्हती, म्हणून ते नमुने बर्फाच्या पेटींत घालून आगगाडीनें वेलूरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत नेण्यांत आले. त्यांतील सहा नमुन्यांत विषाणूच्या खुणा सांपडल्या. हें सन १९८६ सालीं घडलें. देशांत हा रोग नाहीं असें जोंवर सर्व म्हणत होते, तोंवर तो नव्हता असें नाहीं. कोणी पाहिलें नव्हतें इतकेंच.

येथें दुसरा नियम लक्षांत ठेवावा. ज्याचा शोध केला नाहीं त्याचा आंकडा शून्यच येतो. शून्य वाचलें म्हणजे आधीं विचारावें, "रोग नाहीं, कीं तपासणी नाहीं?"

३. चढतीं वर्षें

सन १९८६ पासून सन २००० पर्यंतचा काळ हा चढतीचा होता. मुंबईच्या वेश्यावस्तींत प्रथम थोड्या स्त्रियांत लागण आढळली. परंतु १९९३ च्या सुमारास तपासलेल्या स्त्रियांपैकीं निम्म्यांच्या जवळपास स्त्रियांत ती आढळूं लागली. तेथून हमरस्त्यांनीं व कामासाठीं परगांवीं राहणाऱ्या पुरुषांबरोबर ती महाराष्ट्र, आंध्र, कर्नाटक व तमिळनाडु या प्रांतांच्या खेड्यांपाड्यांत पोंचली. घरीं वाट पाहणाऱ्या बायकांचा यांत कांहीं दोष नव्हता. परंतु लागणीचा मोठा भाग त्यांच्याच वांट्यास आला. ईशान्येकडे मणिपूर व नागालँड येथें रोगाचा मार्ग निराळा होता. तेथें तरुण मुलें अफूपासून केलेलें मादक द्रव्य सुईनें टोचून घेत, व एकच सुई अनेकांच्या हातीं फिरे.

रक्ताचाहि एक मार्ग होता. त्या काळीं पुष्कळ ठिकाणीं गरीब माणसें पैशासाठीं वारंवार रक्त विकीत. सन १९८९ पासून चढविण्याच्या रक्ताची तपासणी आवश्यक ठरली. आणि सन १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रक्त विकण्याची पद्धतच बंद करण्याचा हुकूम दिला. आज रक्तानें होणारी लागण अत्यंत विरळ झाली आहे, तें याच दोन गोष्टींचें फळ आहे.

भीतीनें काय घडतें याचें उदाहरण गोव्यांत झालें. तेथील डॉमिनिक डिसोझा हे नियमानें रक्तदान करीत. सन १९८९ मध्यें त्यांच्या रक्तांत विषाणु आढळला, तेव्हां त्यांस पोलिसांकरवीं नेऊन ६४ दिवस एका ओसाड क्षयरुग्णालयांत कोंडून ठेविलें. त्या वेळचा गोव्याचा कायदा तशी मोकळीक देत होता. डिसोझा सुटले, आणि सन १९९२ मध्यें वारण्यापूर्वीं आपल्यासारख्यांच्या मदतीसाठीं त्यांनीं एक संस्था स्थापिली. त्यांस कोंडल्यानें गोव्यांतील एकाहि माणसाची लागण टळली असें दिसत नाहीं. मात्र चांचणी करून घेतल्यास कोठडी मिळते, हें ज्यानें ऐकिलें तो चांचणीस कशास जाईल? याप्रमाणें शिक्षेचें भय आंकडा घटवितें, परंतु रोग वाढवितें.

सन १९९२ मध्यें सरकारनें राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापिली व देशव्यापी कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू केला.

४. शितावरून भाताची परीक्षा

आतां प्रश्न असा कीं, एवढ्या मोठ्या देशांतील लोक मोजावे कसे? खानेसुमारीसारखें घरोघर जाऊन प्रत्येकाचें रक्त तपासणें शक्य नाहीं. म्हणून आपल्या स्वयंपाकघरांतील जुनी रीत घेतली. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यास सर्व हंडा चिवडीत नाहींत. एक शीत दाबून पाहतात. सन १९९८ पासून देशभर ठरलेल्या रुग्णालयांत ठरलेल्या काळीं तपासणीस येणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या व इतर कांहीं गटांच्या रक्ताचे नमुने तपासण्याची व्यवस्था झाली. गरोदर स्त्रिया यासाठीं कीं, त्या सामान्य कुटुंबांतील असतात. त्यांच्यावरून गांवाची कल्पना येते.

परंतु शीत कोठून घेतलें यावर सर्व अवलंबून आहे. हंड्याच्या तळचें शीत आधीं शिजतें. पहारा ठेविलेलीं बहुतेक ठिकाणें मोठीं सरकारी रुग्णालयें होतीं, आणि जेथें रोग अधिक तेथेंच त्यांची गर्दी होती. आजारी माणसें तेथें दूरदूरहून पाठविलीं जात. यामुळें अंदाज खऱ्यापेक्षां मोठा येऊं लागला. सन २००६ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेनें भारतांत ५७ लाख लोकांस लागण असल्याचें प्रसिद्ध केलें. जगांत सर्वांत मोठा आंकडा आपलाच, अशी ओरड झाली.

त्याच सुमारास, म्हणजे सन २००५-०६ मध्यें, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत घरोघर जाऊन सुमारें एक लाख स्त्रीपुरुषांचें रक्त तपासण्यांत आलें. म्हणजे हंड्याच्या सर्व भागांतून शितें घेतलीं. त्यांत मोठ्या माणसांपैकीं शेंकडा ०.२८, म्हणजे हजारांत तीनांहून कमी लोकांत विषाणु आढळला. दोन्ही पद्धती एकत्र करून व पहाऱ्याचीं ठिकाणेंहि वाढवून सन २००७ मध्यें नवा अंदाज काढिला. तो सुमारें २५ लाख आला.

प्रचारक बंधूंच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा येथें होतो. ५७ लाखांचे २५ लाख झाले तेव्हां कोणी बरें झालें नव्हतें व एका वर्षांत कोणी ३२ लाख माणसें मेलीं नव्हतीं. माप बदललें होतें. म्हणून तिसरा नियम: दोन वर्षांचे आंकडे शेजारीं ठेवण्यापूर्वीं दोन्ही एकाच मापानें मोजले आहेत कीं नाहीं, हें पाहावें.

याच नियमाचें अलीकडचें उदाहरण पाहा. सन २०२१ च्या अंदाजांत त्या वर्षाची नवी लागण सुमारें ६३ हजार दिली आहे; सन २०२३ च्या अंदाजांत त्या वर्षाची नवी लागण सुमारें ६८ हजार ४५० आहे. उतावळा वाचक म्हणेल, "दोन वर्षांत पांच हजारांनीं वाढ झाली!" परंतु पहिल्या अंदाजांत सन २०१० पासून शेंकडा ४६ घट सांगितली आहे, दुसऱ्यांत शेंकडा ४४. हिशेब केला तर पहिल्या मापानें सन २०१० ची लागण सुमारें १ लाख १७ हजार ठरते, व दुसऱ्या मापानें सुमारें १ लाख २२ हजार. म्हणजे नव्या मापानें जुनीं वर्षेंहि थोडीं मोठीं दिसूं लागलीं. दोन निरनिराळ्या अंदाजांच्या वजाबाकीवरून वाढ झाली असें म्हणतां येत नाहीं; एकाच अंदाजाच्या आंत मागचें-पुढचें पाहावें, आणि तसें पाहिलें तर दोन्ही अंदाज एकच गोष्ट सांगतात: नवी लागण २०१० च्या मानानें निम्म्याच्या जवळपास उतरली आहे.

५. ओहोटी कशी लागली

सरकारी अंदाजाप्रमाणें सन २००० च्या सुमारास रोगाचें प्रमाण सर्वांत अधिक होतें. मोठ्या माणसांत दर हजारीं पांच-सहा. सन २०२१ मध्यें तें दर हजारीं दोनांच्या किंचित् वर, व सन २०२३ मध्यें दोन इतकें आलें.

ही उतरण केवळ कागदावरची नव्हती, याचा स्वतंत्र पुरावा आहे. ज्या वयाच्या मुली नुकत्याच संसारांत पडतात त्या वयांत आढळणारी लागण बहुधा नवीच असते. म्हणून संशोधकांनीं तमिळनाडु, महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र येथील १५ ते २४ वर्षांच्या गरोदर स्त्रियांचे आंकडे वेगळे काढिले. सन २००० मध्यें त्यांत शेंकडा १.७ लागण होती. सन २००४ मध्यें ती शेंकडा १.१ वर आली. औषधें फुकट मिळण्याचा आरंभच सन २००४ मध्यें झाला. अर्थात् ही घट औषधांनीं केली नाहीं. लोकांच्या वागणुकींत फरक पडल्यानें ती झाली.

तो फरक कोणीं घडवून आणिला, हें सांगितलें नाहीं तर अन्याय होईल. सन १९९२ पासून कलकत्त्याच्या सोनागाछी भागांत डॉ. स्मरजित् जाना यांनीं वेश्याव्यवसायांतील स्त्रियांसच आपल्या सोबतिणींस शिकविण्याच्या कामास लाविलें; आमच्या सांगलीकडेहि त्याच दशकांत अशा स्त्रिया एकत्र येऊन गिऱ्हाइकाकडून निरोध वापरून घेऊं लागल्या. ज्यांस समाज रोगाचें मूळ म्हणून बोट दाखवी, त्यांनींच रोगाची वाट अडविली. लागणीची सांखळी त्या ठिकाणीं तुटल्यामुळें दूर खेड्यांतील कितीतरी निरपराध बायका वांचल्या. त्या बायकांस हें कधीं कळलें नाहीं.

६. विहिरीचें पाणी

आतां प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग घेऊं. विहिरीच्या पाण्याची पातळी दोन गोष्टींवर ठरते: झऱ्यानें आंत किती येतें, व मोटेनें बाहेर किती जातें. विषाणूसह जगणाऱ्या लोकांची संख्या ही पातळी आहे. नवी लागण हा झरा आहे. मृत्यु ही मोट आहे.

सन २०२३ च्याच अंदाजावरून हिशेब करूं. सन २०१० मध्यें नवी लागण सुमारें १ लाख २२ हजार, आणि एड्समुळें मृत्यु सुमारें पावणेदोन लाख. आंत आलें कमी, बाहेर गेलें अधिक. म्हणून पातळी उतरत होती. सन २०२३ मध्यें नवी लागण सुमारें ६८ हजार, आणि मृत्यु सुमारें ३६ हजार. आंत येणारें पाणी पूर्वींच्या निम्म्याच्या जवळपास असूनहि बाहेर जाणारें त्याहून फार घटलें. म्हणून पातळी हळूहळू चढते. सन २०२३ मध्यें ती २५ लाख ४४ हजार होती.

वाचकहो, येथें थोडें थांबा. सन २०१० मध्यें आंकडा उतरत होता, आणि तें वर्ष वाईट होतें. तो उतरत होता कारण माणसें मरत होतीं. सन २०२३ मध्यें आंकडा चढत होता, आणि तें वर्ष पुष्कळ चांगलें होतें. तो चढत होता कारण माणसें जगत होतीं. म्हणून चौथा नियम: "रोगी किती आहेत" या एकाच आंकड्यावरून रोगाचा जोर ओळखूं नये. नवी लागण किती व मृत्यु किती, हे दोन्ही प्रश्न वेगळे विचारावे.

मोटेचा वेग कशानें मंदावला? औषधांनीं. सन १९९६ मध्यें तीन औषधें एकत्र दिल्यास विषाणु दबून राहतो हें सिद्ध झालें. परंतु त्यांचा खर्च वर्षास दहा हजार डॉलरांहून अधिक होता. सन २००१ मध्यें मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तींच औषधें वर्षास ३५० डॉलरांत देऊं केलीं, आणि जगभर गरीब देशांस मार्ग मोकळा झाला. ता. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनें तीं ठराविक प्रांतांत, महाराष्ट्र धरून, फुकट देण्यास आरंभ केला. सन २०१७ पासून चांचणींत विषाणु आढळला कीं प्रकृति कशीहि असो, ताबडतोब औषध सुरू करण्याचा नियम झाला. सन २०१० पासून २०२३ पर्यंत मृत्यु शेंकडा ७९ घटले.

औषध नियमानें घेणाऱ्याच्या रक्तांत विषाणु चांचणींत दिसणार नाहीं इतका दबून राहिला, तर शरीरसंबंधानें तो जोडीदारास जात नाहीं. गरोदर स्त्रीनें औषध घेतलें नाहीं तर अशा शंभर मुलांपैकीं १५ ते ४५ मुलांस लागण होऊं शकते. नीट उपचार झाल्यास पांचांहून कमी मुलांस होते. म्हणजे औषध मोट मंद करितें इतकेंच नव्हे, तर तें झराहि आटवितें.

७. एका बाईची गोष्ट

माझ्या सेवेच्या आरंभींची गोष्ट आहे. एका खेड्यांत मालमोटार हांकणारा एक तरुण वारला. सर्वांस आजाराचें नांव ठाऊक होतें, परंतु कोणी उच्चारीत नव्हतें. पुरण्यास चौघे मिळणें कठीण झालें. त्याच्या विधवेनें मला पाणी आणून दिलें. मीं तांब्या हातीं घेतला आणि तसाच खालीं ठेविला. पाण्यानें हा रोग जात नाहीं हें मला विद्यालयांत शिकविलें होतें. तें मला येत होतें, तरी तें माझ्या हाताला माहीत नव्हतें.

त्या बाईस चांचणीस जा म्हणून मीं सांगितलें नाहीं. मला लाज वाटली. एका सुइणीनें तिला नेलें. औषध तेव्हां फुकट मिळूं लागलेलें होतें. ती बाई आज जिवंत आहे, दुसऱ्याच्या मळ्यांत कामाला जाते, आणि तिचा मुलगा, ज्यास लागण नव्हती, तो शिकून नोकरीस लागला आहे. सन २०२३ च्या अंदाजांतील २५ लाख ४४ हजारांत ती एक आहे. ती मेली असती तर आंकडा एकानें कमी झाला असता. आंकडा वाढला म्हणून जो कोणी माझ्याजवळ तक्रार करितो, त्यास मीं मनांत हें उत्तर देतों.

८. देश एक, प्रांत निराळे

सर्व देशाची सरासरी ही सर्व देशाच्या पावसाच्या सरासरीसारखी आहे. तिच्यावरून आपल्या शेतांत पाऊस पडला कीं नाहीं हें कळत नाहीं. सन २०२१ च्या अंदाजाप्रमाणें देशांत मोठ्या माणसांचें प्रमाण शेंकडा ०.२१ होतें, परंतु मिझोराममध्यें शेंकडा २.७०, नागालँडमध्यें १.३६ आणि मणिपुरांत १.०५ होतें. आंध्र प्रदेशांत तें ०.६७ होतें.

उलट संख्येनें सर्वांत अधिक लोक महाराष्ट्रांत होते: सुमारें ३ लाख ९४ हजार. प्रमाण व संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिझोराम लहान आहे. सन २०११ च्या खानेसुमारींत त्याची वस्ती अकरा लाखांच्या आंत होती, तर महाराष्ट्राची अकरा कोटींवर. लहान घरांत दोन आजारी असणें व मोठ्या वाड्यांत चार असणें, यांत कोणाचें संकट अधिक, हें वाचकांनीं ठरवावें. रुग्णालयें किती हवीं हें संख्येवरून ठरतें. आग कोठें लागली आहे हें प्रमाणावरून कळतें.

ओहोटीच्या काळांतहि कांहीं प्रांतांत भरती आहे. त्रिपुरा, अरुणाचल, मेघालय व पंजाब येथें नवी लागण सन २०१० च्या मानानें २०२१ मध्यें वाढलेली होती. यांतील पुष्कळ ठिकाणीं मादक द्रव्यांच्या सुईचा मोठा भाग आहे. मिझोराम व नागालँड येथें बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत, हेंहि आम्हीं विसरूं नये. अमुक समाजांत हा रोग येत नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाहीं.

९. गळती कोठें आहे

सन २०२३ च्या सुमाराचा हिशेब असा आहे. विषाणु असलेल्या शंभर लोकांपैकीं ८१ लोकांस आपली स्थिति माहीत आहे. ज्यांस माहीत आहे त्यांच्या शंभरांपैकीं ८८ औषध घेतात. जे औषध घेऊन तपासले जातात त्यांच्या शंभरांपैकीं ९७ लोकांत विषाणु दबलेला आढळतो. तिन्ही एकत्र गुणिले तर मूळच्या शंभरांतून सुमारें ६९ लोक सुरक्षित पायरीवर पोंचतात, ३१ पोंचत नाहींत.

आतां पाहा, सर्वांत मोठी गळती कोणत्या पायरीवर आहे? औषधाच्या गुणांत नाहीं. तेथें शंभरांत तीनच गळतात. गळती पहिल्या पायरीवर आहे: शंभरांत १९ लोकांस ठाऊकच नाहीं. ही पायरी डॉक्टरच्या हातीं नाहीं; ती शेजाऱ्यांच्या हातीं आहे. ज्या गांवांत निदान झाल्यावर पाणवठा बंद होत नाहीं, त्या गांवांतील मनुष्य चांचणीस जातो.

म्हणून प्रचारकांनीं व मंडळींतील वडील लोकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. चांचणी व सल्ला जिल्ह्याच्या व ग्रामीण सरकारी रुग्णालयांत फुकट मिळतो. लागण झाल्यानंतर लगेच केलेल्या चांचणींत ती कधीं कधीं दिसत नाहीं; शंका असेल तर तीन महिन्यांनीं पुन्हां करावी. माहितीसाठीं १०९७ हा दूरध्वनीचा क्रमांक आहे. त्यास पैसे पडत नाहींत. प्रत्येक गरोदर स्त्रीची चांचणी व्हावी. दीर्घकाळचा खोकला असलेल्या माणसानें क्षयाची चांचणी करावी. या रोगाच्या लोकांचा जीव पुष्कळदां क्षयच घेतो. औषध बरें वाटलें म्हणून सोडूं नये; तें जन्मभराचें आहे. आणि कोणाचें गुपित आपल्याजवळ आलें तर तें आपल्याजवळच राहावें. सन २०१७ च्या कायद्यानें, जो ता. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला, संमतीवांचून चांचणी करणें, दुसऱ्याची स्थिति उघड करणें, आणि या कारणावरून नोकरी, शाळा किंवा उपचार नाकारणें मना आहे. डॉमिनिक डिसोझांच्या काळापासून आम्हीं येथवर आलों आहों.

उपसंहार

प्रचारक बंधूंस उत्तर दोन वाक्यांत देतां येईल. पूर्वींचे व आतांचे २५ लाख वेगवेगळ्या मापांचे आहेत, म्हणून ते शेजारीं ठेवून कांहीं सिद्ध होत नाहीं. आणि एकाच मापानें पाहिलें तर नवी लागण घटली, मृत्यु त्याहून अधिक घटले, म्हणून जगणारे वाढले. यांत आनंद मानावा. परंतु सन २०२३ या एका वर्षांत ६८ हजार नवीं माणसें व ३६ हजार प्रेतें, हा आंकडा निजून राहण्यासारखा नाहीं. दिवसाचा हिशेब केला तर त्या वर्षीं रोज सुमारें १८७ घरांत नवी लागण आली, आणि रोज सुमारें ९८ माणसें, ज्यांस औषध फुकट मिळालें असतें, तीं गेलीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एचआयव्ही व एड्स यांत भेद काय? रुग्णालयांतील गर्दीवरून आजची लागण कां समजत नाहीं?

२. सन २००७ मध्यें ५७ लाखांचे २५ लाख कसे झाले? "शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण येथें कशी लागू पडते?

३. तमिळनाडु, महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र येथील तरुण गरोदर स्त्रियांतील घट औषधांनीं झाली नाहीं, हें कशावरून म्हणतां येतें?

४. विहिरीचा दाखला घेऊन सन २०१० व सन २०२३ यांची तुलना करा. कोणत्या वर्षीं पातळी उतरत होती? कोणतें वर्ष बरें होतें? कां?

५. प्रमाणानें मिझोराम पुढें, संख्येनें महाराष्ट्र पुढें. याचा अर्थ काय?

६. शंभरांपैकीं सर्वांत अधिक माणसें कोणत्या पायरीवर गळतात? ती पायरी आपल्या गांवांत कोणाच्या हातीं आहे? सभेंत मोठ्यानें उत्तर देण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या मनांत द्यावें.